चहा सुटला, वाट सुटली नाही: नागोयाजवळच्या एका कचेरीचं प्रकरण

हे प्रकरण नागोयाच्या परिसरातल्या एका कंपनीतलं आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवणारी आणि विकणारी ही कंपनी. पगारावर चारशेच्या वर माणसं, आणि ग्राहकांत चाकणचे काही कारखाने. चाकणच्या कामासाठी दुभाषी म्हणून मी तिथे जात-येत असे. ज्या बाईंची ही हकिगत आहे त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी बराच काळ बसले. इथे त्यांना ए-सान म्हणते. लिहिण्यापूर्वी त्यांची आणि त्यांच्या काचोंची, म्हणजे विभागप्रमुखांची, परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

ए-सान 2005 मध्ये, विसाव्या वर्षी, दोन वर्षांच्या महिला महाविद्यालयातून थेट या कंपनीत लागल्या. जपानी कंपनीत माणूस ठरावीक पदावर कमी आणि ठरावीक वाटेवर जास्त लागतो. एक वाट सोगोशोकु. हे लोक दर काही वर्षांनी विभाग बदलतात, बदलीला तयार असतात आणि वर चढत जातात. दुसरी इप्पानशोकु. यांनी कागदपत्रं, फोन, नोंदी आणि 'सहाय्य' करायचं, एकाच जागी राहायचं. त्यांचा पगार काही वर्षं वाढतो आणि तिशीच्या आसपास छताला टेकतो. पहिल्या वाटेवर जवळपास सगळे पुरुष, दुसरीवर जवळपास सगळ्या बायका. 2005 मध्ये ए-सानच्या महाविद्यालयात कंपनीची जी जाहिरात आली, ती फक्त दुसऱ्या वाटेची होती.

ही व्यवस्था कुठून आली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. 1950-60 च्या दशकांत जपानी कंपन्यांनी शाळा-कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुली मोठ्या संख्येनं कचेऱ्यांत घेतल्या. त्यांनी टंकलेखन करावं, फाइली लावाव्यात, पाहुण्यांना हसून आत न्यावं, चहा द्यावा आणि लग्न ठरलं की राजीनामा द्यावा. त्या राजीनाम्याला कोतोबुकी ताइशा म्हणतात, म्हणजे मंगलकार्यानिमित्त निवृत्ती. निरोपाला फुलांचा गुच्छ मिळायचा. अशा मुलींना 'शोकुबा नो हाना', कचेरीतलं फूल, म्हणायचे, आणि म्हणणाऱ्याला ते कौतुकच वाटायचं.

यामागचा हिशेब मात्र अगदी रोखठोक होता आणि तो कोर्टात उघड झाला. सुमितोमो सिमेंट या कंपनीनं नोकरीवर घेतानाच मुलींकडून लेखी घेतलं होतं की लग्न झालं किंवा तिशी गाठली की नोकरी सोडू. एका कर्मचारी बाईनं 1963 च्या डिसेंबरात लग्न केलं आणि नोकरी सोडायला नकार दिला. 1964 च्या मार्चमध्ये तिला काढलं. कंपनीचा युक्तिवाद असा: बायकांना आम्ही दुय्यम काम देतो, पण पगार सेवाकाळानुसार वाढतो. त्या फार वर्षं राहिल्या तर हलक्या कामाला भारी पगार द्यावा लागतो, म्हणून त्यांनी वेळेवर जावं. 20 डिसेंबर 1966 रोजी तोक्यो जिल्हा न्यायालयानं ही अट सार्वजनिक सुव्यवस्थेविरुद्ध आहे म्हणून रद्द ठरवली.

निकाल चांगला लागला, हिशेब तसाच राहिला. 1985 मध्ये समान रोजगार संधी कायदा झाला आणि 1986 च्या एप्रिलपासून लागू झाला. भरती आणि बढतीच्या बाबतीत त्यानं कंपन्यांना फक्त 'प्रयत्न करा' असं सांगितलं. बंदी आली ती 1997 च्या दुरुस्तीनं, 1999 च्या एप्रिलपासून. मधल्या काळात मोठ्या कंपन्यांनी दोन वाटांची पद्धत पक्की करून घेतली. 'बाई म्हणून' कमी पगार देता येत नाही ना, मग 'इप्पानशोकु म्हणून' द्यायचा. ए-सान ज्या फॉर्मवर सही करून आत आल्या तो या इतिहासाचा शेवटचा कागद होता.

अडचण

2016 मध्ये ए-सान एकतीस वर्षांच्या होत्या. अविवाहित, गिफूत आईसोबत राहायच्या आणि रेल्वेनं ये-जा करायच्या. कागदावर त्या 'निर्यात विभागातील सहाय्यक'. प्रत्यक्षात चाकणला जाणाऱ्या मालाचे दर, पतपत्राच्या अटी, सीमाशुल्काचे वर्गीकरण क्रमांक, उशिरा निघालेल्या जहाजाबद्दल ग्राहकाची समजूत घालणं, हे सगळं त्यांच्या हातात होतं. दर तीन वर्षांनी सोगोशोकुवरचा नवा तरुण विभागात यायचा. ए-सान त्याला काम शिकवायच्या. तो शिकून पुढे जायचा आणि पुढचा यायचा. मी असताना आलेला तरुण पहिले काही महिने प्रत्येक ईमेल पाठवण्याआधी तिरप्या नजरेनं त्यांच्या पडद्याकडे बघायचा. त्याचा पगार त्यांच्यापुढे गेलाच होता.

याच्या जोडीला दुसरी ड्यूटी. इप्पानशोकुच्या बायका कामाची वेळ सुरू होण्याच्या वीस मिनिटं आधी यायच्या, टेबलं पुसायच्या, थर्मास भरायच्या. त्या वीस मिनिटांचा पगार नव्हता. अंगात गणवेश: गडद निळं जाकीट, स्कर्ट, गळ्याला रिबन. पुरुषांना गणवेश नव्हता.

चहाची खोली मी जवळून पाहिली आहे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये घातलेला तक्ता होता. त्यावर प्रत्येक साहेबाच्या कपाचं चित्र, कोणाला किती कडक, कोणाला दुपारी तीननंतर कॉफी. पाहुण्यांसाठी वेगळे नियम. हिरवा चहा उकळत्या पाण्यात नाही, थोडं निवलेल्या पाण्यात. सगळे कप थोडे-थोडे, फेऱ्या मारत भरायचे, म्हणजे शेवटच्या कपात कडू गाळ राहत नाही. कप लाकडी बशीवर, आणि बशीच्या लाकडाच्या रेषा पाहुण्यासमोर आडव्या यायला हव्यात. दारापासून सगळ्यात दूर बसलेला माणूस मानाचा, त्याला आधी. कप उजवीकडून, दोन्ही हातांनी. एकदा घाईत माझ्याकडून बशी उभी ठेवली गेली, तर ए-सान माझ्या मागून येऊन काही न बोलता ती फिरवून गेल्या. हे काम फालतू नाही, याला कसब लागतं. बढतीच्या मूल्यमापनाच्या कागदावर मात्र त्याला रकानाच नव्हता. तिथे 'वृत्ती' नावाचा एक रकाना होता, आणि चहा चुकला तर तो खाली जायचा.

ठिणगी पडली ती एका फोटोवरून. 2015 मध्ये स्त्रियांच्या कामकाजातील सहभागाला चालना देणारा कायदा झाला. 2016 च्या एप्रिलपासून तीनशेहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक कंपनीला कृती आराखडा बनवून जाहीर करणं बंधनकारक झालं. पंतप्रधान आबे यांच्या सरकारनं 'सर्व स्त्रिया झळकतील असा समाज' ही घोषणा आधीच गाजवली होती. कंपनीला भरतीच्या पुस्तिकेसाठी झळकणारी बाई हवी होती. सोगोशोकुवर तेव्हा एकच तरुणी होती आणि ती नुकतीच लागली होती. म्हणून मनुष्यबळ विभागानं ए-सानना सांगितलं की उद्या गणवेश घालू नका, सूट घालून या. हातात लॅपटॉप, मागे जगाचा नकाशा, खाली मजकूर: 'भारताच्या बाजारपेठेशी आमचा दुवा.' फोटो काढून झाल्यावर साडेदहाला पाहुणे येणार होते. ए-साननी सूटवरच ट्रे उचलला.

पुस्तिकेतली ती ओळ त्यांना खटकली नाही. त्यांना खटकलं ते हे की ती ओळ खरी होती आणि पगाराच्या चिठ्ठीवर ती कुठेच नव्हती.

समोरचे पर्याय

पुढचे काही महिने त्या काय काय तोलत होत्या, ते जेवणाच्या सुट्टीत मला कळत गेलं.

राजीनामा हा सगळ्यांनी सुचवलेला पर्याय. निर्यातीची कागदपत्रं येणाऱ्या माणसाला हाकेन एजन्सी, म्हणजे तात्पुरते कर्मचारी पुरवणाऱ्या कंपन्या, ताशी बरा दर देतात. पण बोनस नाही, निवृत्तीची रक्कम नाही आणि करार संपला की पुन्हा शून्य. चाळिशीनंतर काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला आणि हा पर्याय बाजूला ठेवला.

कंपनीत कामगार संघटना होती आणि ए-सान तिची वर्गणीही भरत होत्या. पदाधिकारी सगळे सोगोशोकुचे पुरुष. त्यांचं उत्तर सौम्य होतं: ही वाट तुम्हीच निवडलीत. हे वाक्य पुढे त्यांना आणखी दोनदा ऐकावं लागलं.

कोर्टाचा मार्ग त्यांनी वाचून पाहिला होता. त्याच धर्तीचं एक प्रकरण त्यांच्या तोंडपाठ होतं: कानेमात्सु या व्यापारी कंपनीतल्या सहा बायकांनी 1995 मध्ये दावा लावला, 2003 मध्ये जिल्हा न्यायालयात हरल्या, आणि 2008 मध्ये तोक्यो उच्च न्यायालयानं त्यातल्या चौघींना भरपाई दिली, कारण त्यांचं काम पुरुषांच्या कामापेक्षा हलकं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये ते कायम केलं. ए-सान म्हणाल्या, चौदा वर्षं. तोवर आई ऐंशीची होईल.

उरलं वाट बदलणं. नियमांत त्याची तरतूद होती: वरिष्ठांची शिफारस, लेखी परीक्षा, मुलाखत आणि 'देशात कुठेही बदलीस तयार' अशी सही. आजारी आई गिफूत असताना ती सही करणं त्यांना शक्य नव्हतं. कंपनीत आजवर कोणत्याही बाईनं या तरतुदीचा उपयोग केला नव्हता.

सगळ्यात सोपा दिसणारा पर्याय कंपनीनंच समोर ठेवला. कृती आराखड्यासाठी 'महिला प्रकल्प समिती' नेमली. अध्यक्ष एक पुरुष काचो, सदस्य पाच बायका, त्यांत ए-सान. काय बदलायचं ते तुम्हीच सांगा, असा निरोप आला.

पहिला निर्णय: चहा आणि गणवेश

समितीनं सुरुवात चहापासून केली. चहा सगळ्यांना दिसतो, त्यावर सगळ्यांचं मत असतं आणि तो बंद करायला कोणाच्या सहीची गरज लागत नाही. ए-सानही या बाजूनं होत्या.

विरोध आला तो अनपेक्षित ठिकाणाहून. वीस वर्षांहून जास्त सेवा झालेल्या एक सेम्पाइ, म्हणजे ज्येष्ठ सहकारी, म्हणाल्या की पाहुण्यासमोर जायचं ते एकच निमित्त आपल्याकडे आहे, ते गेलं तर बाहेरच्या माणसाला आपला चेहराही दिसणार नाही. मला हे बोलणं अजूनही चटकन खोडता येत नाही. दुसरीकडे सोगोशोकुवरच्या त्या नव्या तरुणीनं हळूच विचारलं, तक्त्यात माझं नाव घालू का? तिच्यासोबतच लागलेल्या मुलांपैकी कोणीही हे विचारलं नव्हतं. तिला एका बाजूनं साहेब 'जरा चहा बघतेस का' म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूनं बायका तिच्याशी जपून बोलायच्या.

शेवटी ठराव झाला. पाहुण्यांना बाटलीबंद चहा, कर्मचाऱ्यांसाठी यंत्र, सकाळची वीस मिनिटं बंद, गणवेश ऐच्छिक. व्यवस्थापनानं सगळं पहिल्याच बैठकीत मान्य केलं. इतक्या झटपट मान्यतेनं तेव्हाच शंका यायला हवी होती. गणवेशाचा खर्च वाचत होता, यंत्र भाड्यानं मिळत होतं, आणि आराखड्यात लिहायला 'कामाच्या पद्धतीत सुधारणा' मिळाली होती. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत त्यावर अर्धं पान आलं.

वर्षभरानं चित्र असं होतं. चहातून सुटलेला वेळ निर्यातीच्या कामानं भरला, पगार तोच. स्वागतकक्षात हाकेनवर एक तरुणी आली. तिच्या करारात 'पाहुण्यांची व्यवस्था' लिहिलेलं होतं. मोठा ग्राहक आला की कपाटातल्या लाकडी बशा बाहेर निघायच्या आणि ट्रे तिच्या हातात असायचा. समितीच्या ठरावात हाकेनचा शब्दही नव्हता, कारण समितीत हाकेनवरचं कोणी नव्हतं.

दुसरा निर्णय: वाटेवर बोट ठेवणं

2017 च्या शेवटी ए-सान वाट बदलण्यासाठी अर्ज करायच्या विचारात होत्या. त्याआधी त्यांनी दोन गोष्टी केल्या, आणि मला वाटतं या प्रकरणाचं वळण तिथेच आहे.

पहिली, स्वतःच्या कामाची नोंद. अर्ध्या-अर्ध्या तासाची, साध्या वहीत. काय केलं, निर्णय कोणाचा, चूक झाली तर कोण उत्तर देतं. मग कंपनीचीच श्रेणी-पुस्तिका घेऊन प्रत्येक नोंदीसमोर त्या श्रेणीचं वर्णन लिहिलं. निम्म्याहून जास्त नोंदी सोगोशोकुच्या दुसऱ्या पायरीच्या वर्णनात बसल्या.

दुसरी गोष्ट त्यांना फाइली लावण्याच्या कामानं दिली. दरवर्षी एप्रिलमध्ये कोणाची कुठे बदली झाली याची यादी लागते. ती फाइलीत ठेवणं हे इप्पानशोकुचं काम. त्यांनी बारा वर्षांच्या याद्या काढल्या आणि घर हलवावं लागलेल्या बदल्या शोधल्या. त्यांच्या खात्यात अशी एकच होती, आणि तो माणूस दूरच्या क्यूशू बेटावर आईवडिलांकडे स्वतः मागून गेला होता.

हे महत्त्वाचं का? समान रोजगार संधी कायद्यात अप्रत्यक्ष भेदभाव 2006 च्या दुरुस्तीनं आला. दिसायला तटस्थ असलेली अट जर एकाच लिंगाला प्रामुख्यानं अडवत असेल आणि तिला रास्त कारण नसेल, तर ती चालत नाही. जुलै 2014 पासून 'बदलीस तयार' ही अट भरती, बढती आणि कामाचा प्रकार बदलणं या सगळ्यांच्या बाबतीत या कक्षेत आली. सरकारी मार्गदर्शक सूचनांत एक उदाहरणच दिलं आहे: शाखा असल्या तरी घर हलवण्याची बदली प्रत्यक्षात जवळपास होत नसेल, तर अशा अटीला रास्त कारण नाही. ए-सानच्या फाइलीतली यादी त्या उदाहरणाला अक्षरशः जुळत होती.

त्यांनी आधी काचोंना दाखवलं. काचो वाईट माणूस नव्हते. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, नियम मनुष्यबळाचा आहे, माझ्या हातात नाही. पण शिफारस मी लिहितो. मनुष्यबळानं परत तेच वाक्य ऐकवलं: वाट तुम्ही निवडलीत. अट सगळ्यांना समान आहे.

इथे निवड होती. अर्ज करून नकार घ्यायचा आणि मग तक्रार करायची, की नकारापूर्वीच बाहेर विचारायचं? नागोया ज्या आइची प्रांतात येतं, तिथल्या सरकारी कामगार ब्युरोच्या रोजगार पर्यावरण व समानता विभागात ए-सान आधी गेल्या. सल्ला फुकट असतो. त्यांना दोन रस्ते सांगितले गेले: समेट समितीपुढे मध्यस्थी, किंवा ब्युरो प्रमुखांमार्फत कंपनीला सल्ला आणि मार्गदर्शन. यांपैकी काहीही मागितल्याबद्दल कर्मचाऱ्याला त्रास देणं कायद्यानं निषिद्ध आहे, हेही सांगितलं गेलं. मध्यस्थीत दोन्ही बाजूंना समितीपुढे बोलावलं जातं. त्यांनी दुसरा रस्ता घेतला, कारण त्यांना त्याच माणसांबरोबर पुढची वीस वर्षं काढायची होती. कचेरीत नाव फुटणार हे उघडच होतं. चारशे माणसांतही बारा वर्षांच्या याद्या जपून ठेवणारी एकच असते.

ब्युरोकडून विचारणा आल्यावर मनुष्यबळाचा सूर बदलला. आवाज चढले नाहीत, पण बैठका वाढल्या. दोन सेम्पाइ ए-सानबरोबर जेवायला बसेनाशा झाल्या. एका साहेबानं पार्टीत ग्लास पुढे करून म्हटलं, आता तुम्हाला बिअर ओतायला सांगितलं तर ब्युरोत जाल का? सगळे हसले. ए-साननी ओतली. मी त्या टेबलावर होते. मला राग आला आणि त्यांनी मला नंतर शांतपणे सांगितलं की या लढाईत बिअर घालायची नाही, ती यादीवर लढायची आहे.

निकाल

2018 च्या एप्रिलपासून बदलीची सही वाट बदलण्याच्या अटींतून गेली आणि 'प्रादेशिक सोगोशोकु' अशी तिसरी वाट निघाली. अनेक जपानी कंपन्यांत ही असते: घर हलवावं लागत नाही, पण पगार राष्ट्रीय वाटेपेक्षा काहीसा कमी आणि वरच्या काही पायऱ्या बंद. ए-साननी परीक्षा दिली आणि पास झाल्या. कंपनीनं त्यांना पहिल्या पायरीवर ठेवलं, कालच लागलेल्या पदवीधराच्या शेजारी. तेरा वर्षांच्या अनुभवाचं श्रेय शून्य.

घ्यायचं की नाही, यावर त्या आठवडाभर विचार करत होत्या. नाही म्हटलं तर अर्ज मागे घेतल्याची नोंद राहते आणि पुढच्या बाईला तेच ऐकवलं जातं. हो म्हटलं तर पायरी मान्य केल्यासारखं होतं. त्यांनी हो म्हटलं आणि सोबत एक पत्र दिलं की पायरीबद्दल आपलं मत वेगळं आहे. दोन वर्षांत त्या शुनिन, म्हणजे ज्येष्ठ कर्मचारी, झाल्या. पगार वाढला, नव्या पोराला काम शिकवणं मात्र चालूच राहिलं.

इतर इप्पानशोकु बायकांपैकी एकीनंच अर्ज केला. बाकीच्या म्हणाल्या, जादा तास आणि परीक्षा नकोत, हेच बरं आहे. त्यांच्यातल्या काहींचं हे मनापासूनचं मत होतं आणि ते तसंच ऐकलं पाहिजे. ज्या कचेरीत वरच्या वाटेवर गेलेल्यांना रात्री दहा वाजतात, तिथे खालची वाट हा सुज्ञ हिशेबही असू शकतो. हाकेनवरच्या स्वागतिकेचा करार नूतन झाला नाही. कारण कळवलं गेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते चूक क्रमात होती. चहा आधी सोडला आणि वाट नंतर मागितली. समिती नेमली तेव्हा कंपनीला आराखड्यासाठी सुधारणा हवी होती. तेवढ्या एका वर्षी बायकांचा होकार ही खरी गरज होती. त्या होकाराच्या बदल्यात बदलीची अट काढून घेता आली असती. चहा बंद करणं कंपनीलाही हवंच होतं, म्हणजे मोबदला न घेता हातातलं नाणं देऊन टाकलं. पुस्तिकेतल्या फोटोचंही तसंच. फोटोला परवानगी देताना 'मग हेच काम माझ्या श्रेणीत लिहा' असं लेखी मागता आलं असतं. ए-सानना हे पटत नाही. त्या म्हणतात, चहा बंद झाला नसता तर मला नोंदवही लिहायला वेळच मिळाला नसता. त्यांचंही खरं असेल.

पहिल्या पायरीचा प्रश्न अर्जाआधी सोडवायला हवा होता. नोंदवही दाखवून 'दुसरी पायरी' असा ठोस दावा अर्जातच करता आला असता. ब्युरोपुढे फक्त बदलीची अट ठेवली गेली, त्यामुळे कंपनीनं तेवढंच दुरुस्त केलं. जिथे बोट ठेवलं, तिथेच औषध लावलं गेलं.

कंपनीच्या बाजूनं पाहिलं तरी हा तोट्याचा व्यवहार होता. बारा वर्षं निर्यातीचं खातं जिच्या खांद्यावर होतं, तिला सांभाळायला हाकेनपेक्षा थोडा जास्त पगार लागला असता. त्याऐवजी दर तीन वर्षांनी एका माणसाला नव्यानं शिकवत बसले आणि चाकणच्या ग्राहकाला दर वेळी नवा चेहरा दाखवत राहिले. चाकणहून फोन मात्र नेहमी ए-सानलाच यायचे.

पुण्यात जपानी शिकून तिकडे जाणाऱ्या मुलींसाठी दोन शब्द. अलीकडे पुस्तिकेत भारतीय चेहरेही लागतात. मुलाखतीत 'भारताशी दुवा' हा शब्द आला की विचारा की नेमणूक कोणत्या वाटेवर आहे, मूल्यमापन कोणत्या श्रेणी-पुस्तिकेनं होईल आणि गेल्या पाच वर्षांत या जागेवरून वर कोण गेलं. हे प्रश्न जपानी शिष्टाचारात बसतात, फक्त मुलाखतीच्या शेवटी, 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हटल्यावर विचारायचे.

हेच प्रकरण आज घडलं असतं तर हत्यारं जास्त होती. जुलै 2022 पासून तीनशेहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुष पगारातली तफावत जाहीर करावी लागते. मे 2024 मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयानं एका कंपनीची घरभाड्याची सवलत व्यवहारात फक्त सोगोशोकुला, म्हणजे जवळपास पुरुषांनाच, मिळते म्हणून तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. ए-सानच्या कंपनीतही घरभाड्याची सवलत तशीच होती. तेव्हा तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, ए-सानचंही नाही.

मागच्या वर्षांच्या पगाराचा प्रश्न उरला आहे. थकीत पगाराचा दावा तेव्हा दोन वर्षांत लावावा लागायचा. एप्रिल 2020 नंतरच्या पगारासाठी ती मुदत तीन वर्षं झाली, पण मागच्या थकबाकीला ती लागू नाही. निवृत्तीची रक्कम श्रेणीच्या गुणांवर मोजतात, आणि पहिल्या तेरा वर्षांचे गुण इप्पानशोकुच्याच दरानं गोठलेले आहेत. 2019 मध्ये ए-साननी हा आकडा मनुष्यबळाकडे लेखी मागितला. तो मिळायला आठ महिने लागले.